पश्चिमेकडील खिडकीसाठी पडदे की ब्लाइंड? मदत हवी आहे

ठाण्यातील आमच्या सातव्या मजल्यावरील घराचे नूतनीकरण सुरू असून दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील ६ फूट रुंद सरकत्या खिडकीला काय लावावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर येते, तर पावसाळ्यात त्याच बाजूने झड आत येते आणि जुन्या पडद्यांच्या अस्तरावर, विशेषतः खालच्या दुमडीत, बुरशीचे काळे ठिपके पडतात. सजावटकार रोलर ब्लाइंड (वर गुंडाळला जाणारा सपाट पडदा) सुचवत आहेत; परंतु खिडकी उघडी ठेवल्यावर वाऱ्याने ते ग्रिलवर आपटत राहील, अशी मला शंका आहे. मला स्वतःला आत पातळ जाळीदार आणि बाहेर ब्लॅकआउट (प्रकाश अडवणारा), अशी दुहेरी पडद्यांची रचना पसंत आहे, मात्र चुण्यांसाठी रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागत असल्याने खर्च वाढतो (शिवाय धुण्याचा व्याप वेगळाच). पीओपीचे काम लवकरच सुरू होणार असल्यामुळे दुहेरी रुळासाठी छतात किती इंच खोल खाच सोडावी आणि दमट हवेत पॉलिस्टर टिकेल की अन्य कापड घ्यावे, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.