माइल्सची मुदत: आधी प्रकार ओळखा

माइल्स म्हणजे विमान कंपन्या प्रवासावर किंवा खरेदीवर देतात ते पॉइंट्स. त्यांची मुदत संपत आली, की ‘छोटीशी खरेदी केली की माइल्स वाचतात’ असा सल्ला मिळतो; तो अर्धाच खरा आहे. अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सना तो लागू पडतो: २४ महिन्यांत एकदा तरी माइल्स मिळाले किंवा वापरले, की सगळ्या शिलकीची मुदत पुढे सरकते. ब्रिटिश एअरवेजच्या ‘एव्हिऑस’ पॉइंट्सना हीच सवलत ३६ महिन्यांची. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ या माइल्स योजनेत मात्र मिळालेला प्रत्येक माइल साधारण ३ वर्षांनी बाद होतो, मध्ये कितीही व्यवहार करा. तिथे जुने माइल्स आधी खर्च करणे हाच खरा उपाय. डेल्टा, युनायटेडचे माइल्स कालबाह्य होत नाहीत.

खरेदीतले माइल्स खात्यात यायला कित्येकदा काही आठवडे लागतात, म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका; निदान दोन महिने हाताशी ठेवा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स टिकणारे असतील तर उगाच आधी माइल्समध्ये बदलू नका, कारण मुदतीचे घड्याळ तिथूनच सुरू होते आणि बदललेले पॉइंट्स सहसा परत फिरत नाहीत.

तिकिटे महागली म्हणून माइल्स वापरताना इंधन अधिभार जरूर बघा. काही मार्गांवर तो इतका असतो, की रोख तिकीटच परवडते.