मदत हवी आहे: पाळणाघरातल्या ताईंचा पगार वाढवायला पैसा कुठून आणायचा? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,
अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ आमच्या महिला मंडळाचं छोटं पाळणाघर आहे. मुलांच्या आया टॉवेल कारखान्यात नाहीतर गारमेंटला. काहीजणी घरीच विड्या वळतात. 22 मुलं, महिना 400 रुपये फी. शनिवारी आठवड्याचा पगार झाला की शंभर-शंभर करून येते. त्यातून दोन ताईंना प्रत्येकी साडेतीन हजार. जागा समाजमंदिराची, म्हणून भाडं नाही. उरलेलं लाइट बिल आणि दुपारच्या खिचडीत जातं.

ऑक्टोबर 2024 मध्ये अंगणवाडी सेविकांचं मानधन 13,000 झालं, मदतनीसांचं 7,500. तेही मोर्चे काढून-काढून. आमच्या ताई सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा थांबून मदतनीसाच्या निम्म्यावरही नाहीत. एक ताई पोरांशी तेलुगूत बोलते, त्यामुळे नवीन आलेलं मूल लवकर रुळतं. तिला आता गारमेंटमधून बोलावणं आलंय, दुप्पट पगारावर. जाऊ नको असं कुठल्या तोंडाने सांगू?

फी वाढवली तर लोक थोरल्या मुलीची शाळा बुडवून तिलाच धाकट्याजवळ बसवतील.

महापालिकेत महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के निधी राखीव असतो ना? चौकशी केली तर "शिलाई मशीनचा प्रस्ताव आणा" म्हणे. मशीन काय पोरं सांभाळणार? सीएसआरवालेही (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी वाटणारे) खेळणी देतात, भिंती रंगवून देतात, पगार म्हटलं की गप्प. वॉशिंग्टन डीसी शहराने 2021 मध्ये जास्त कमावणाऱ्यांवरचा कर वाढवून त्यातला पैसा मुलं सांभाळणाऱ्यांच्या पगाराला लावला. इथे लोक घरपट्टी भरतील तर शपथ!

राखीव निधीतून मानधन कुणी मंजूर करून घेतलंय का? प्रस्तावात काय लिहिलं होतं?

प्रतिसाद:
ताई, निधीच्या मागे लागाच, पण आधी कारखानदारांना गाठा. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार (आधी हा नियम 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीत होता) 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावीच लागते, आणि चौघांनी मिळून एकच चालवलं तरी चालतं. कुणाची आई कुठे कामाला आहे, यादी करा. देणगी मागू नका, मुलामागे महिन्याचा दर सांगा. सीएसआर हवा असेल तर मंडळाची नोंदणी, आयकर खात्याच्या नोंदण्या आणि सीएसआर-1 (हा निधी घेण्यासाठी संस्थेने सरकारकडे भरायचा फॉर्म) तयार ठेवा. विडीवाल्या आया मात्र यात बसणार नाहीत, त्यांच्यासाठी महापालिकाच.

धागाकर्ती:
आभार! यादी केली, 9 आया दोनच कारखान्यांत निघाल्या, दोन्ही मोठे. सोमवारी जातो. मुलामागे 1500 सांगितले तर जास्त वाटतील का हो?