सांगलीतल्या आरसीसी घराचा कार्बन हिशोब: लाल वीट की एएसी ब्लॉक?

मापवही (प्रश्न; पुढची नावे उत्तर देणाऱ्या सदस्यांची)

सांगलीजवळ तळमजला आणि वर एक मजला असे आरसीसी घर आहे, बांधकाम १८०० चौरस फूट. अंदाजपत्रकातली मापे: सिमेंट ८०० गोणी, सळई ७ टन, लाल वीट २५ हजार (९×४×३ इंची, वजन साधारण ३ किलो), क्रश सँड ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी २५ ब्रास. घरमालकांना पर्यावरणावरचा परिणाम आकड्यात हवा आहे. लाल विटेऐवजी एएसी ब्लॉक (वाफेवर पक्का केलेला हलका, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉक) घेतला तर किती फरक पडेल, हा त्यांचा मुख्य प्रश्न. नेटवर मिळणारे गुणांक (मालाच्या किलोमागे किती कार्बन, तो आकडा) बहुतेक युरोपातले, आणि एकाच मालाचे दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. मग गुणांक कुठले धरायचे? आणि पुढची वीज, पाडकाम हेही यात घ्यायचे का?

क्लिंकर

आधी हिशोबाची हद्द लिहून काढा. ईएन १५९७८ या युरोपीय मानकात टप्पे ठरवून दिलेले आहेत: ए१ ते ए३ म्हणजे कच्च्या मालापासून कारखान्याच्या गेटपर्यंत, ए४ वाहतूक, ए५ साइटवरचे काम, बी वापर, सी पाडकाम, डी म्हणजे पुनर्वापराचा हद्दीबाहेरचा फायदा. तुमच्या कामाला ए१ ते ए५ नीट करा आणि वीज वेगळ्या ओळीत दाखवा. सगळ्याची एकच बेरीज केली तर काय बदलणे आपल्या हातात आहे तेच दिसत नाही.

सिमेंटचा गुणांक स्वतः काढता येतो. एक किलो क्लिंकर (दळून सिमेंट होते तो भाजलेला खडा) भाजताना चुनखडीतूनच सुमारे ०.५३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा साधारण ०.३ धरा. दळणाच्या विजेचे किलोमागे ०.०५. ओपीसीत (साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये) ९५ टक्के क्लिंकर, म्हणून ०.८४. पीपीसीत (राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये) फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख, ३० टक्के असेल तर क्लिंकर ६५ टक्के, म्हणून ०.५९. फ्लाय ॲशची टक्केवारी गोणीवर छापलेली असते, ती बघून आकडा घाला. आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे ती १५ ते ३५ मध्ये कुठेही असू शकते.

८०० गोणी म्हणजे ४० टन. ओपीसीने ३३.६ टन, पीपीसीने २३.६ टन. फरक १० टनांचा.

विटेसाठी युरोपचा गुणांक घेऊ नका. तिकडे गॅसवरचे टनेल किल्न, आपल्याकडे उघडी भट्टी. भट्टीवाल्याला सरळ विचारा की लाख विटांना कोळसा किती टन लागतो. समजा २५ टन म्हणाला. आपल्याकडच्या कोळशाला टनामागे सुमारे १.७ टन धरले तर लाखाला ४२.५ टन, म्हणजे विटेमागे ०.४२५ किलो. तुमच्या २५ हजार विटांचे साडेदहा टन झाले. बगॅस (उसाचे चिपाड) वापरत असेल तर त्याचा कार्बन वेगळा दाखवायचा, कोळशात मिसळायचा नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. सगळ्या विटा जितका कार्बन सोडतात, जवळजवळ तितकाच नुसती गोणी बदलून वाचतो. घरमालकांना हे आधी सांगा, विटेचे नंतर.

एक चूक हमखास होते: गिलाव्याचे आणि वीटकामाचे सिमेंट ८०० गोण्यांत आलेले असते, तरी लोक मॉर्टरचा गुणांक पुन्हा लावतात.

तापती_सळई

वरच्या हिशोबात सळई राहिली, आणि सगळ्यात मोठी तफावत तिथेच आहे. देशातल्या पोलादाची सरासरी टनामागे सुमारे २.५ टन आहे, म्हणजे ७ टनांचे १७.५ टन. पण जालन्याच्या इंडक्शन फर्नेसमधून आलेली सळई भंगारापासून असेल तर गणित वेगळे. वितळवायला टनामागे साधारण ६०० युनिट वीज, ग्रिडचा गुणांक युनिटमागे ०.७ किलो धरला तर ०.४२ टन, वर रोलिंगचे इंधन. त्याच फर्नेसमध्ये निम्मा स्पंज आयर्न (खनिजापासून थेट बनवलेले लोखंड) घातला की कोळशावरच्या स्पंजमुळे आकडा दुपटीच्या पुढे जातो. बाहेरून दोन्ही सळया सारख्याच दिसतात. म्हणून टेस्ट सर्टिफिकेट मागताना भंगार आणि स्पंजचे प्रमाणही लेखी मागा. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली, तिची वरची मर्यादा २.२ टन आहे आणि १.६ च्या खाली पाच तारे. मापायला हा चांगला गज आहे.

भंगाराच्या सळईचा कमी गुणांक ए१ मध्ये घेतलात तर ५० वर्षांनी तीच सळई भंगारात जाईल म्हणून डी मध्ये पूर्ण श्रेय घेऊ नका. एकच फायदा दोनदा मोजला जातो. हरित इमारतीच्या रेटिंगसाठी केलेल्या अहवालांत ही गफलत फार दिसते आणि ती थांबली पाहिजे.

साडेचार_इंची

आता मूळ प्रश्न. वीट आणि ब्लॉक यांची तुलना किलोमागे करायची नाही, भिंतीच्या चौरस मीटरमागे करायची. नऊ इंची भिंतीत चौरस मीटरला सुमारे ११० विटा, म्हणजे ४७ किलो. १:६ (सिमेंट:वाळू) मॉर्टरमधल्या पीपीसीचे आणखी ९ किलो. एकूण ५६. एएसीच्या २०० मिलिमीटर भिंतीत सुमारे ११५ किलो ब्लॉक. उत्पादकाच्या ईपीडीत (मालाच्या पर्यावरण परिणामाच्या जाहीर पत्रकात) किलोमागे ०.४ निघाला असे समजू, तर ४६ किलो आणि पातळ जोडाच्या ॲढेसिव्हचे ३ किलो. म्हणजे ५६ विरुद्ध ४९. भट्टीचा कोळसा लाखाला २१ टनांवर आला की हा फरक जवळजवळ संपतो.

ब्लॉक लांबून येतो म्हणून नाकारू नका. १५० किलोमीटरवरून २० घनमीटरचा ट्रक आला आणि रिकामा परतला, तर ३०० किलोमीटरला ७५ लिटर डिझेल, म्हणजे २०० किलो. भिंतीच्या चौरस मीटरला २ किलोच पडतात. खडी आणि क्रश सँडचे उलट आहे: क्रशरवर फारसे काही सुटत नाही, त्यामुळे डंपर किती लांबून येतो त्यावर हिशोब ठरतो. ६० ब्रास म्हणजे सुमारे २६० टन माल आहे, जवळची खाण बघा.

"ब्लॉक हलका म्हणून सळई वाचते" हे सरसकट खरे नाही. भिंत हलकी होते, पण आरसीसी डिझाइन नव्याने केले तरच सळई कमी होणार. दोन मजल्यांच्या घरात बरेच कॉलम आयएस ४५६ (काँक्रीट कामाचे भारतीय मानक) च्या किमान ०.८ टक्के सळईवरच असतात, तिथे कमी करायला काही उरत नाही.

ब्लॉकचे खरे नुकसान तडे गेले की होते. कारखान्यातून ओला आलेला ब्लॉक लगेच लावला की तो भिंतीत सुकतो, आकसतो आणि जोडावर चीर जाते. १:४ चा कडक गिलावाही तडकतो. ब्लॉक झाकून सुकू द्या, लावताना फक्त पृष्ठभाग ओलसर करा, कॉलम-ब्लॉकच्या सांध्यावर चिकन मेश लावा. दहा वर्षांत गिलावा पुन्हा करावा लागला तर वाचलेले सात किलो गेले.

मापवही

फार उपयोग झाला. अडचण अशी की ठेकेदार स्लॅबला पीपीसी नको म्हणतो. सेंटरिंग (स्लॅबखालचे टेकू आणि फळ्या) जास्त दिवस अडकते हे त्याचे कारण. आणि विजेचे काय?

क्लिंकर

विजेचे आधी. महिना १५० युनिट धरले तर वर्षाला सव्वा टन. तुमचे बांधकाम पीपीसी, सरासरी सळई आणि विटा धरून वाळू-खडीसकट ५५ टनांच्या आसपास जाते, म्हणजे ४० हून जास्त वर्षांच्या विजेइतके. ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढत जाणार, म्हणून ०.७ गुणांक ५० वर्षे तसाच ठेवू नका.

ठेकेदाराचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पीपीसीची सुरुवातीची ताकद हळू चढते. आयएस ४५६ मध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात, पण ते ओपीसीसाठी. पीपीसीला मुदत वाढवावी लागते आणि पाणी ७ ऐवजी किमान १० दिवस मारायचे. सेंटरिंगचे जादा भाडे किती होते ते काढून घरमालकांपुढे ठेवा; बाजूच्या फळ्या लवकर सुटतात, अडकतात ते फक्त टेकू.

त्याच्याशी आणखी एक बोला. घमेल्याने मोजून १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) केले तर घनमीटरला ८ गोणी जातात, आणि ओली वाळू फुगलेली असल्याने प्रमाण रोज बदलते. मिक्स डिझाइन करून वजनाने माल घातला तर साडेसहा गोणीत एम २० दर्जाचे काँक्रीट बसते. आयएस ४५६ ची घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंटची अटही पाळली जाते. ५० घनमीटर काँक्रीटला ७५ गोण्या वाचतात, म्हणजे दोन टनांहून जास्त कार्बन. वाचलेल्या गोण्यांच्या पैशातून सेंटरिंगचे भाडे भागते का, ते त्याच्या दराने ताडून बघा. टेकू काढायच्या आदल्या दिवशी साइटवर, स्लॅबसारखेच पाणी मारून ठेवलेले काँक्रीटचे तीन क्यूब (चाचणीचे ठोकळे) फोडा आणि तो आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून मगच टेकूला हात लावा.