लाईट गेली आणि नील बेट आठवलं : बेटावरच्या, समुद्राकाठच्या छोट्या मुक्कामांचे अनुभव लिहा

कोरेगल्ली

काल संध्याकाळी वळीव आला, गारांसकट. बेळगावच्या शहापुरात सातला लाईट गेली ती पहाटेपर्यंत नाही. हळूहळू सगळ्यांचे इन्व्हर्टर बसले आणि गल्ली एकदम गप्प झाली. आई अंधारातनं म्हणाली, "नील बेटावर रात्र अशीच गप्प व्हायची बघ." मग मला झोपच लागली नाही. म्हटलं धागा काढूया.

२०१७ च्या फेब्रुवारीत आम्ही अंदमानला गेलेलो. निमित्त सेल्युलर जेलचं. आईनं तीस वर्षं बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवलं, सावरकर दरवर्षी मुलांना सांगितले, पण ती कोठडी बघायची राहिली होती. तिथं दारात चप्पल काढून उभी राहिली ती दहा मिनिटं हललीच नाही. दुसऱ्या दिवशी बोटीनं नीलला गेलो. २०१८ च्या शेवटाला त्याचं नाव शहीद द्वीप झालं, आमच्या तोंडात मात्र नीलच बसलंय. एवढंसं बेट, आणि गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. आई जेट्टीवरच खूश.

सीतापूरच्या बाजूला सुपारीच्या बागेत पाच झोपड्या होत्या. खांबावर उचललेल्या, बांबूच्या भिंती, वर झावळ्या, आत मच्छरदाणी. रात्री दहाला लाईट बंद. मग समुद्र, आणि वाळलेल्या पानांत खुडखुड. बॅटरी मारली तर शंख चालायलेत! शंखात राहणारे खेकडे, रात्री शेकड्यांनी बाहेर पडतात. आई पायरीवर पाय वर घेऊन बसली आणि मोजत राहिली.

पण मला सांगायचंय ते त्या घरच्या आजीचं. बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या निर्वासितांना सरकारनं तिथं जमिनी देऊन वसवलं, त्यातलं हे घर. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दिसेना, तर स्वयंपाकघराच्या मागं आजीजवळ बसलेली. आजी एक पाय विळीच्या पाटावर दाबून दोन्ही हातांनी मासा पात्यावर ओढत होती. ते तिला बोंटी म्हणतात. आई म्हणाली, "आमची विळीच की ही, फक्त खवणी नाही." आणि हिनं पदर खोचून दुसरा मासा घेतला. एकीला मराठी येत नाही, दुसरीला बंगाली येत नाही, हिंदी दोघींची मोडकी. आईचा पहिला प्रश्न काय असावा? "मुलं शाळेत कुठल्या भाषेत शिकतात?" आजी म्हणाली, शाळा बंगालीची पण आहे, हिंदीची पण, घरात मात्र बंगालीच. आईनं मान हलवली आणि परत खवले काढायला लागली.

दोन रात्रींचा बेत होता, पाच राहिलो. तुमचेही लिहा. मोठ्या रिसॉर्टचे नकोत, छोट्या मुक्कामांचे.

टिळकवाडी_३रे_गेट

वा. आईंना नमस्कार सांगा. भाडं किती होतं तेव्हा? आणि पोर्ट ब्लेअरला उतरून त्याच दिवशी नीलची बोट मिळते का? डिसेंबरात जायचा विचार चाललाय, सासूबाईंना घेऊन.

कोरेगल्ली

भाडं आईच्या वहीत असेल, बघून सांगतो. त्याच दिवशी जायची घाई नको. सरकारी बोट दोनेक तास घेते, तिकिटं आधी संपतात, आणि वारा असला की बोटच रद्द. पोर्ट ब्लेअरला एक रात्र ठेवा. आता त्याचं नाव श्री विजयपुरम आहे, तिकीट काढताना बघा.

माजी_हवालदार_कडोली

मी २००८ ते २०१० पोर्ट ब्लेअरला होतो. तुम्ही विमानानं गेलात, आम्ही चेन्नईहून जहाजानं, तीन दिवस. पहिला दिवस उलट्या, दुसरा दिवस झोप, तिसऱ्या दिवशी उडणारे मासे दिसले की माणूस शुद्धीवर. तेव्हा इंटरनेट म्हणजे देवाचं नाव. समुद्राखालनं चेन्नईहून केबल गेली २०२० ला. घरी फोन एसटीडीवरनं, मागं दहा जण रांगेत, मुलगी पलीकडनं "पप्पा" म्हणायची आणि तेवढ्यात बिल पळायचं.

रजेत मंडळी आली तेव्हा शेजारच्या हॅवलॉक बेटावर नेलं. राधानगर बीचच्या मागं एक खानावळ, वर तीन खोल्या. तिथली झाडं अजून डोळ्यासमोर आहेत, किनाऱ्याला लागून सरळसोट, भिंतीसारखी. तिथं समुद्री महुआ म्हणतात. मंडळींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलेली. खानावळवाल्यानं एक भाकरी मोडून खाल्ली आणि विचारलं, ही किती दिवस टिकते? म्हटलं महिना. त्यानं दोन मागून घेतल्या, बोटीवर न्यायला. सकाळी बिलातनं चहाचे पैसे कमी केले होते.

निपाणीची_सून

भाकरीचं वाचून भूक लागली, इथं अजून कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी आहेत. ☺

आमचा अनुभव थोडा कडू, पण लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. लग्नानंतर हॅवलॉक, २०१९. फोटोत झोपडीच्या पायरीशी निळं पाणी. पोचलो दुपारी, तर पाणी कुठाय? लांबवर नुसते खडक, शेवाळ आणि मेलेलं प्रवाळ. ओहोटी! त्या किनाऱ्याला पाणी खूप आत जातं आणि पोहायला मिळतं फक्त भरतीला, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला फोटो खराच आहे. खरा होता, भरतीचा होता. मी रडले होते तेव्हा. आता सगळ्यांना सांगते, आधी फोनवर विचारा : ओहोटीला समोर वाळू असते का खडक? आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं, तसंच जास्त उतरतं.

दुसरं म्हणजे वाळूमाश्या. दिसत नाहीत, पण चावल्या की आठवडाभर खाज. संध्याकाळी वाळूवर आडवं पडू नका. पायाला खोबरेल चोपडा, आम्हाला तिथल्या बाईनं दुसऱ्या दिवशी दिलं, पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं.

येळ्ळूरवाला

जेवणात मोहरीचं तेल असतंय का सगळीकडं? आमच्या बाबांना वासच सोसत नाही.

निपाणीची_सून

बंगाली घरात असतं. सांगितलं की दुसऱ्या तेलात करून देतात. डाळभात छान मिळतो. आधी सांगा मात्र, मासा पडल्यावर नको.

कोरेगल्ली

आईला पहिल्या दिवशी सोसलं नव्हतं. पाचव्या दिवशी बाटली घेऊन आली. अजून वांग्याचे काप त्यातच करते.

चोर्ला_घाट

बेट म्हटलं की अंदमानच कशाला, आपल्या उशाला कारवार आहे की. तिथलं कुरुमगड बेट बघितलंय का कुणी? आपल्याकडचं रामनगर, जोयडा, अणशी घाट उतरून सदाशिवगड, तिथनं होडी. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिथं राहायची सोय होती, मोजक्याच खोल्या. वर नरसिंहाचं देऊळ, पौषात जत्रा. रात्री कारवारचे दिवे पाण्यावर दिसतात आणि आपण अंधारात. आम्ही चौघे मित्र होतो. एक आता नाही. त्या रात्री तो खडकावर बसून भजन म्हणत होता आणि होडीवाला कोकणीत साथ देत होता. एवढंच लिहितो.

होडीत लाईफ जॅकेट घालाच. अंगात मावत नाही म्हणून हातात धरू नका.

टिळकवाडी_३रे_गेट

@चोर्ला_घाट, मित्राचं वाचून गलबललं. सांभाळा.

डोंबिवलीतली_बेळगावकर

एक सूचना लहान मुलं असणाऱ्यांना. मुलानं नीलला प्रवाळाचे तुकडे, शंख गोळा करून डब्यात भरलेले. विमानतळावर तपासणीत निघाले आणि काढून घेतले. नियमच आहे तो, प्रवाळ तर किनाऱ्यावर मेलेलं पडलेलं असलं तरी नाही न्यायचं. पोरगा विमानात बसेपर्यंत हुंदके देत होता. त्या शंखात उद्या एखादा खेकडा राहायला जाईल हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. नंतर सांगितल्यावर पटलं त्याला.

आणि हो, घड्याळ इथलंच, पण सूर्य लवकरचा. मे महिन्यात पाचच्या आत सूर्य वर येतो, डिसेंबरात संध्याकाळी पाचला बुडतो. "संध्याकाळी फिरू" म्हणाल तर अंधार. सासूबाईंना दुपारी तीनलाच बाहेर काढा.

बेळगावात पाऊस झाला का चांगला? आईचा फोन लागेना कालपासून. अनगोळला कुणी आहे का?

येळ्ळूरवाला

अनगोळला झाड पडलंय तारेवर, माणसांना काही नाही. फोन दुपारपर्यंत लागेल. काळजी करू नका. घर कुठं सांगा, संध्याकाळी डोकावून येतो.

डोंबिवलीतली_बेळगावकर

देव भलं करो. मेसेज केलाय.

कोरेगल्ली

@टिळकवाडी, आईची वही सापडली. झोपडी ७०० रुपये रात्रीची, जेवण वेगळं. त्याच पानावर आजीनं बंगालीत काहीतरी लिहिलंय, चार ओळी. आई म्हणते ती माशाच्या कालवणाची कृती आहे. आठ वर्षं वही घरात आहे आणि मला माहीत नव्हतं. कुणाला बंगाली वाचता येतं का? फोटो टाकतो.

माजी_हवालदार_कडोली

टाका. माझ्या युनिटमधला एकजण बंगाली होता, अजून बोलणं असतं. विचारतो त्याला.

खानापूर_जांबोटी

सगळं वाचलं, फोन ४ टक्के होता म्हणून गप्प होतो. आत्ता लाईट आली. कुरुमगडाबद्दल मलाही लिहायचंय, म्हशी आत घेऊन येतो आधी.