सोसायटी ग्रुप: पॅरिसहून आलेले रझा

बी-४०२ काकू: धाकटा २०२३ ला पॅरिसला पोम्पिदू सेंटर या कलासंग्रहालयात चित्रकार सय्यद हैदर रझांचं मोठं प्रदर्शन बघून आला होता. शंभरेक चित्रं होती म्हणे, १५ मे २०२३ पर्यंत होतं ते. त्याने काढलेले फोटो टाकतेय.

ए-१०१ काका: दुसरा फोटो हललाय का?

बी-४०२ काकू: नाही हो, चित्रच तसं आहे 😀

सी-२०३: रझा म्हणजे बिंदूवाले ना? इथे तर एकही गोल नाही.

ए-३०४ सर: बिंदू ठळक झाला १९८० च्या आसपास. जन्म १९२२ चा, म्हणजे तोवर साठीला आले होते! आपल्या गोदाघाटावर मुलं जलरंगात देवळं करतात ना, यांचीही सुरुवात तशीच, निसर्गचित्रांची. चित्रकला शिकले नागपूरला, मग मुंबईच्या जे.जे. कला विद्यालयात, १९४७ ला सूझा, आरा, हुसेन यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट, १९५० ला फ्रान्स. तिथे घरं, चर्च, गावं रंगवली. १९६२ ला अमेरिकेत बर्कलेला शिकवायला गेले, तिथल्या रॉथको या अमूर्त चित्रकाराची चित्रं पाहिली आणि हात मोकळा झाला. घरांच्या कडा गेल्या, फटकारे उरले. अ‍ॅक्रिलिक रंग लवकर वाळतो, त्याचाही फायदा झाला.

ए-१०१ काका: पण सर, त्यात आहे काय?

ए-३०४ सर: ते सोडा काका. फटकारा कुठून निघाला, जोर कुठे लावला, हात कुठे उचलला ते बघा. वडील वनखात्यात, लहानपण मध्य प्रदेशातल्या मंडलाच्या जंगलात. तो अंधार आणि त्यातला लाल रंग इथे आलाय. बिंदूची प्रिंट हॉलमध्ये सोफ्यावर शोभते, म्हणून लोकांना तेवढाच माहीत. मला विचाराल तर खरे रझा या मधल्या वीस वर्षांत आहेत.

डी-१०२ ताई: नाही पटलं सर. शाळेत गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसवलं होतं त्यांना. मूळ तिथेच आहे.

ए-३०४ सर: मूळ असेल. पण एवढी धुमश्चक्री केल्यावरच तो ठिपका स्थिर झाला ना?

सी-२०३: यांचं 'तपोवन' नावाचं चित्रही आहे, १९७२ चं! २०१८ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ४४ लाख डॉलरच्या वर गेलं.

ए-१०१ काका: आपलं तपोवन??

ए-३०४ सर: नाशिकचं नव्हे हो.

ए-१०१ काका: असू दे, मी पाहुण्यांना आपलंच सांगणार 😄

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ७ नंतर पाणी नाही, भरून ठेवा.

बी-४०२ काकू: सर, रविवारी क्लबहाउसच्या टीव्हीवर फोटो लावू या का? तुम्ही सांगा दोन शब्द.

ए-३०४ सर: लावू या. धाकट्याने चित्रांखालच्या पाट्यांचे फोटो काढले असतील तर तेही मागवा. साल कळलं नाही तर क्रम लावता येणार नाही.