वाद्यनिर्मात्यांच्या उद्योग संघटनेचे सभासदत्व घ्यावे का?

जवारीदार यांचा प्रश्न:

आम्ही तिघे भागीदार तंतुवाद्ये बनवतो. कारखाना लहान आहे. लाकूड निवडण्यापासून पडदे बसवण्यापर्यंत आणि तारा चढवून स्वर तपासण्यापर्यंत सगळी कामे आम्हीच करतो. अलीकडे परदेशांतून थेट मागणी येऊ लागली आहे, आणि त्याच सुमारास एका उद्योग संघटनेने आम्हाला सभासद होण्याचे निमंत्रण दिले आहे. त्यांच्या माहितीपत्रकाची बहुतेक पाने वार्षिक प्रदर्शनाच्या छायाचित्रांनी भरलेली आहेत, पण प्रदर्शनात दालन घेण्याइतके आमचे उत्पादन नाही. बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक एका संघटनेत बसून नेमके काय करतात, आणि प्रदर्शन वगळले तर वर्गणीच्या बदल्यात आमच्यासारख्यांच्या पदरात काय पडते, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

खर्ज यांचे उत्तर:

मी अशाच एका संघटनेच्या तांत्रिक समितीवर काही वर्षे काम केले आहे, आणि तिथे जाण्याचे कारण आमच्याच कारखान्याला बसलेला फटका हे होते. २ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारानुसार, म्हणजे धोक्यातील प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारानुसार, ब्राझिलियन रोजवुड सोडून डालबर्जिया प्रजातीतील सर्व जातींची झाडे दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापाराला परवाना लागतो त्या यादीत, गेली. शिसव आणि शिसम ही दोन्ही याच प्रजातीतली, आणि रोजवुड हेही याच प्रजातीतील झाडांचे लाकूड. गिटारच्या मानेवर बसवलेली रोजवुडची पट्टी जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची असते, पण त्या पट्टीमुळे अख्खे वाद्य परवान्याशिवाय विक्रीसाठी सीमेपार पाठवता येईनासे झाले. आमच्या एका खोक्यावरच्या कागदांत नुसते ‘रोजवुड’ असे लिहिले होते, झाडाचे शास्त्रीय नाव नव्हते. ते खोके सात आठवडे गोदामात अडकून पडले, आणि अखेर उघडले तेव्हा दमट हवेने वाद्याच्या पाठीचा मधला जोड बोटाचे नख जाईल इतका सुटलेला होता.

या प्रजातीतील झाडांची जी बेसुमार तोड होत होती, तिच्यामागे मुख्यतः फर्निचरची मागणी होती. वाद्यांना लागणारे लाकूड त्या मानाने फार थोडे. पण हे कोणी एका कारखानदाराने सांगून चालत नाही, कारण त्याच्याकडे केवळ स्वतःचे आकडे असतात. वेगवेगळ्या देशांतील संघटनांनी आपापल्या सभासदांकडून कोणत्या वाद्यात कोणते लाकूड आणि किती वजनाचे जाते याची माहिती गोळा केली, वादकांच्या आणि वाद्यवृंदांच्या संघटनांना सोबत घेतले, आणि ती बाजू शासनांपुढे व कराराच्या बैठकांत वारंवार मांडली. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि पूरक साहित्य यांना या अटीतून वगळण्याचा निर्णय झाला आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तो लागू झाला. मात्र ही सवलत सरसकट नाही. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून सर्वांत कडक निर्बंधांच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याचे निर्बंध कायम आहेत. कच्च्या फळ्यांनाही कागदपत्रे लागतातच.

व्हायोलिनच्या गजासाठी वापरल्या जाणाऱ्या पर्नाम्बुको लाकडाच्या बाबतीत २०२२ च्या पनामा परिषदेत असाच पेच उभा राहिला होता. तेथेही गज बनवणारे, वादक आणि संघटना यांनी एकत्र येऊन बाजू मांडली, म्हणून तयार गज घेऊन प्रवास करणाऱ्या वादकाची वाट बंद झाली नाही. ते झाड खरोखरच संकटात आहे आणि त्याची लागवड व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटते. संघटनेने फक्त सवलती मागू नयेत, लागवडीसाठीही पैसा उभा करावा.

षड्जपंचम यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात मानकांच्या कामाची भर घालतो. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्य-उद्योगाच्या संघटनेच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एका तारेने जोडून दाखवली गेली, आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. मिडीची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सामाईक मानकाची, ही सुरुवात. पुढे हे मानक सांभाळण्यासाठी १९८५ मध्ये उत्पादकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती स्वीकारली गेली. मधल्या काळात घेतलेले कितीतरी कीबोर्ड आजही नव्या यंत्रांशी बोलू शकतात, हे त्या एकत्र बसण्याचे फळ आहे.

एका मर्यादेचीही जाणीव ठेवावी. स्पर्धकांनी एकत्र बसून किमतींविषयी बोलणे कायद्याला मान्य नसते. नॅम ही १९०१ मध्ये पियानो विक्रेत्यांनी स्थापन केलेली जुनी संघटना. तरीही २००५ ते २००७ या काळातील तिच्या बैठकांमध्ये जाहिरातीतील किमान किमतींविषयी चर्चा घडवून आणल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या शासकीय संस्थेने, केला आणि २००९ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. म्हणून ज्या बैठकीची विषयपत्रिका आधी मिळत नाही आणि इतिवृत्त नंतर मिळत नाही, अशा बैठकीला जाऊ नये.

घोडी यांचे उत्तर:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मोठ्या सभासदांकडे परवान्यांसाठी स्वतंत्र माणसे असतात, त्यामुळे संघटनेच्या पत्रकांची खरी गरज लहानांना असते, आणि समितीत मात्र लहानांपैकी कोणीच नसते. मतदान सभासदागणिक आहे की उलाढालीनुसार, तांत्रिक समितीत कारागिरांसाठी जागा आहे का, आणि गेल्या वर्षी कोणत्या नियमांवर लेखी निवेदने दिली, हे वर्गणी भरण्याआधी लेखी विचारावे. निवेदनांच्या प्रती मागितल्यावर त्या तुम्हाला कितपत तत्परतेने मिळतात, यावरून बरेच काही कळते.

जवारीदार यांचा प्रतिसाद:

सर्वांचा आभारी आहे. आमच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फळ्या आहेत आणि त्यांपैकी निम्म्यांची शास्त्रीय नावे कोठेच लिहिलेली नाहीत. संघटना यात काही मदत करू शकेल का?

खर्ज यांचे उत्तर:

करू शकेल. चांगल्या संघटना नोंदीचा तयार नमुना देतात आणि लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळांशी संपर्क करून देतात. पण चिरलेल्या फळीवरून सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा पुष्कळदा प्रजातीपर्यंतच पोचता येते, नेमकी जात ठरवणे अवघड जाते. म्हणून ज्या व्यापाऱ्यांकडून त्या फळ्या घेतल्या त्यांच्याकडून झाडाचे नाव, खरेदीची तारीख आणि वजन आताच लेखी मागून घ्यावे. प्रत्येक फळीला क्रमांक द्यावा, आणि वाद्य बंद करण्याआधी तोच क्रमांक तबकडीच्या, म्हणजे वाद्याच्या पोकळीवर बसणाऱ्या फळीच्या, आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहावा. नक्षीत हाड किंवा शिंपला वापरला असेल तर तो कोणत्या प्राण्याचा आहे हेही त्याच नोंदीत यावे, कारण तपासनीसाला पांढरे हाड प्रथमदर्शनी हस्तिदंतासारखेच दिसते.