मदत हवी आहे: सर्पदंशाच्या अभ्यासासाठी मार्गदर्शक

नमस्कार मंडळी. मी एमडी मेडिसिन, कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलमध्ये काम करते. उसाच्या फडातून सर्पदंशाचे रुग्ण येतात. रुग्ण आला की कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून गोठलंय का बघायचं. घोणसासारख्या सापांचं, रक्त गोठू न देणारं विष इथेच कळतं. पण तोवर कित्येकांचे मोलाचे तास वाटेतच गेलेले असतात. ते नेमके कुठे जातात, याचा मला नीट अभ्यास करायचा आहे.

आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स केलाय. पण व्हिडिओ बघून प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिता येत नाही. शेजारी बसून खाडाखोड करणारं माणूस लागतं.

आमच्याकडे संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी नाही. दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडून मंजुरी कुणी घेतली आहे का? करार कसा केला? सॅम्पल साइजसाठी (किती रुग्ण घ्यायचे ते ठरवायला) शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात कुणाची ओळख आहे का? आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमधले किंवा मिरजेतले कुणी सीनियर डॉक्टर महिन्यातून एकदा तासभर देतील का? मी येईन तिकडे, रविवारीसुद्धा. नर्सिंगच्या दोन मुलीही शिकायला उत्सुक आहेत, त्यांनाही सोबत आणेन. कृपया कळवा.